कालव्याच्या उगमाकडचं भात

जुलै उजाडला की नातेपुत्यात धरणांचे आकडे फिरू लागतात. भाटघर किती टक्के, नीरा-देवघर किती, वीर किती, गुंजवणी किती. खताच्या दुकानात, सलूनमध्ये, एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर कुणीतरी मोबाइल काढून आकडे वाचतो आणि बाकीचे कान देतात. नीरा खोऱ्यातली ही चारही धरणं भरली की ४८ टीएमसीच्या थोडं वर पाणी साठतं. ते साठलं की उजव्या कालव्याला आवर्तनं मिळणार, ऊस तगणार, उन्हाळी मका होणार. आपल्या शिवारात पाऊस किती झाला, ही चौकशी त्यानंतरची. माळशिरस तालुक्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. शिखर शिंगणापूरच्या बाजूला निघालं की कुसळी गवत आणि खुरटी बाभळ लागते. कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हिरवं, आणि एक चारी ओलांडली की उघडा माळ.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो उंचावरच्या शेतीचा. डोंगरातली पायऱ्यापायऱ्यांची भातशेती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फिलिपिन्स येतं, बाली येतं, चीनचा युनान प्रांत येतो. ती चित्रं कॅलेंडरवर छापून आपल्या घरात आली आहेत. आमच्या गावात भात पिकत नाही. तांदूळ दुकानातून येतो आणि पाणी कालव्यातून. पण त्या पाण्याचा माग काढत उलट्या दिशेनं निघालं, तर ज्या डोंगरावर हा पाऊस पहिल्यांदा उतरतो तिथे शेकडो वर्षं हीच पायऱ्यांची शेती चालू आहे. नीरेच्या उगमाकडच्या त्या खाचरांत जाऊन, तिथल्या माणसांच्या घरी राहून लिहायचं ठरवलं.

धरणांच्या मागे

नातेपुते, फलटण, लोणंद, शिरवळ, भोर. नकाशावर हा रस्ता नीरेच्या जवळपासनंच चढत जातो. लोणंदपर्यंत ऊस सोबत करतो. शिरवळला कारखान्यांची रांग लागते. भोर ओलांडलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि हवा बदलते.

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. जुना बांध एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या खाली इंग्रजांनी नवं, मोठं लॉईड धरण बांधून १९२८च्या सुमारास पुरं केलं. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे, कारण कंकांचं भुतोंडे गाव त्याच खोऱ्यात वर आहे. साडेतेवीस टीएमसीचं हे धरण नसतं तर माळशिरस तालुक्याचा साखरपट्टा उभा राहिला नसता. मे महिन्यात पाणी खाली गेलं की कांबरे गावाजवळ कांबरेश्वराचं दगडी मंदिर जलाशयातून बाहेर येतं. लोक त्याचे फोटो काढतात. मंदिराच्या आसपास गाळात बुडालेले जुने बांधही त्या दिवसांत दिसू लागतात, त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ती भाताची खाचरं होती. खोऱ्यातली सर्वांत सपाट, सर्वांत खोल मातीची जमीन नदीकाठी असते आणि धरणात आधी तीच जाते. जी वर राहिली ती उताराची.

भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर जलाशयाच्या कडेनं वळत जातो. निगुडघर, हिर्डोशी, मग शिरगाव. शिवकाळात हे हिरडस मावळ होतं. बांदल देशमुखांचं, बाजीप्रभूंचं. शिरगावला रस्त्यालगत नीरेचा उगम मानलेलं कुंड आहे. आमचा उजवा कालवा आणि वारीतलं नीरास्नान जिच्यामुळे आहे, ती नदी इथे ओंजळीत मावते.

मी राहिलो ते घर शिरगावच्या पुढच्या एका वाडीत आहे. घरात आजी, तिचा थोरला मुलगा म्हणजे भाऊ, सून म्हणजे वहिनी, आणि दोन नाती. धाकटा मुलगा पुण्यात कंपनीत. ओळख एका शिक्षकामार्फत झालेली. मी नातेपुत्याचा म्हटल्यावर आजीनं पहिला प्रश्न विचारला, "माउलीची पालखी तुमच्याकडंच मुक्कामाला असती न्हवं?" हो म्हणालो. "आमाला आषाढी कधी घावत न्हाई बाबा. लावणी आसती. आम्ही कार्तिकीला येतो." वारीच्या ज्या दिवसांत आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवसांत ही माणसं गुडघाभर चिखलात असतात, हे त्याआधी कधी मनात आलं नव्हतं.

आधी भिंत, मग शेत

खालून बघितलं की खाचरं डोंगराला जन्मापासून असल्यासारखी वाटतात. प्रत्येक खाचर माणसानं केलेलं आहे. ते कसं करतात, हे मी उन्हाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे खोऱ्यात पाहिलं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचं, भीमाशंकराच्या शेजारचं हे खोरं. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. इथल्या घोड नदीचं पाणीही शेवटी भीमेला मिळून उजनीत, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातच येतं.

तिथे या कामाला पडकई म्हणतात. दहा-पंधरा घरं एकत्र येतात. आज एकाच्या रानात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. मजुरीचे पैसे कुणी कुणाला देत नाही, ज्याचं रान त्याच्याकडे त्या दिवशीचं जेवण. हत्यारं पहार, टिकाव, फावडं आणि घमेलं. पहिल्यांदा उताराच्या खालच्या अंगाला दगडाची ताल रचतात. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड बुडाला, त्यावर सांधे चुकवून दुसरा थर, फटीत चिपा. भिंत सरळ उभी करत नाहीत, डोंगराकडे किंचित झुकती ठेवतात, म्हणजे मातीचा रेटा तिला आणखी घट्ट बसवतो. कोरड्या दगडांतून पाणी पाझरून जातं आणि माती मागे राहते. हीच भिंत सिमेंटनं बांधली तर पाणी मागे तुंबतं आणि एखाद्या आषाढात सगळंच खाली येतं.

ताल कमरेएवढी झाली की वरच्या अंगाची माती खणून खाली ओढायची. पण सगळी नाही. वरची काळी, कसदार माती आधी बाजूला काढून ठेवतात, खालचा मुरूम पसरून सपाटी करतात आणि ती काळी माती पुन्हा वर अंथरतात. हे एक पाऊल चुकलं तर नव्या खाचरात पाच वर्षं काही धड पिकत नाही. उतार जितका तीव्र तितकं खाचर अरुंद. काही तर इतकी चिंचोळी की बैलजोडी वळत नाही, ती फावड्यानंच खणतात. पहिली वर्षं नागली किंवा वरई घेतात. पावसाच्या पाण्याबरोबर वरून आलेला गाळ साठत जातो, जमीन धरते, बूड पाणी अडवू लागतं. मग भात. एका पिढीनं ताल घातली की पुढच्या पिढीला भात, असं तिथल्या एका काकांनी सांगितलं. ते सांगताना हात ज्या भिंतीवर ठेवला होता, ती त्यांच्या आजोबांनी रचलेली.

या कामाला सरकारी मान्यता मिळावी, रोजगार हमीचा पैसा मिळावा, म्हणून 'शाश्वत' या संस्थेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी डिंभे धरणाच्या विस्थापितांबरोबर उभं केलेलं हे काम. २०१२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईला पैसा मिळू लागला ही चांगली गोष्ट. पण पैशाबरोबर काही ठिकाणी यंत्रंही आली. याच खोऱ्यात ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं. अतिवृष्टी आणि डोंगराची घडण हीच खरी कारणं, असं दुसऱ्या बाजूनं सांगितलं गेलं. त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. एवढं मात्र मी स्वतः पाहिलं की पहारीनं काम करणारा माणूस मोठा बसका दगड लागला की थांबतो आणि खाचराची रेघ त्याला वळसा घालून नेतो. डोंगर कुठे सैल आहे, कुठे झरा दबलेला आहे, हे त्याच्या हाताला कळत असतं. जेसीबीच्या केबिनमध्ये बसून ते कळणार नाही. पडकईला निधी द्यायचा तो माणसांच्या हातांसाठी द्यावा, डिझेलसाठी नाही.

राबाची राख

लावणी जुलैत दिसते, पण भाताचं वर्ष सुरू होतं होळीच्या आगेमागे. ज्या तुकड्यात रोपं करायची तो तुकडा भाजतात. त्याला राब म्हणतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि टहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यांत वर मातीचा पातळ हात. मग वाऱ्याच्या उलट दिशेनं पेटवायचा, म्हणजे तो धावत नाही, सावकाश धुमसत राहतो. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख रोपाला मिळते. पावसाच्या तोंडावर त्यात भात फेकतात. वीसेक दिवसांत रोप लावणीजोगं होतं आणि उपटताना मुळं न तुटता निघतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, असं वहिनींनी सांगितलं. न भाजलेल्या जमिनीतलं रोप ओढलं की मूळ जमिनीत राहतं आणि हातात नुसती पात येते.

राबासाठी शेतकऱ्याला खाचराबरोबर डोंगरउताराची वरकस जमीन आणि झाडंही लागतात. जंगल राखीव झालं तेव्हापासून हा तंटा आहे. मुंबई सरकारनं १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी जो वन आयोग नेमला, त्याच्यापुढे राब हा मोठा विषय होता. वनखात्याला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटत होती आणि शेतकऱ्याला राब बंद म्हणजे भात बंद. आता शेतकी खातं गादीवाफ्यावर, बीजप्रक्रिया करून रोपं करायला सांगतं आणि बरेच जण तसं करतातही. ज्या घरात मी होतो तिथे दोन्ही चालतं. अर्धा राब, अर्धा गादीवाफा. "ज्या वर्षी जे साधंल ते," घरातले भाऊ म्हणाले. डोंगरातला शेतकरी जुनं सोडत नाही आणि नवंही नाकारत नाही, दोन्ही हाताशी ठेवतो. पावसाचा भरवसा नसलेल्या जागी याहून शहाणं धोरण मला सुचत नाही.

लावणी

जुलैत शिरगावच्या वाडीत पुन्हा गेलो तेव्हा डोंगर दिसतच नव्हता. ढग अंगणात उतरलेले. घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. तो आमच्यासारखा येऊन जात नाही, मुक्कामच करतो. चुलीवर टांगलेल्या ताटीवर लाकडं वाळत होती, दोरीवर कपडे महिनाभर ओलेच होते आणि गोठ्यात बैलांच्या पाठीवर गोणपाट.

पहाटे चिखलणी. खाचरात वीतभर पाणी घेऊन नांगर फिरवायचा, मग फळी. दोन-तीनदा चिखल केला की माती लोण्यासारखी होते आणि बुडाशी असा थर बसतो की पाणी खाली मुरत नाही. रुंद खाचरांत आता पॉवर टिलर चालतो. तो भाड्यानं येतो आणि वाडीतल्या सगळ्यांना एकाच आठवड्यात हवा असतो. वरच्या अरुंद खाचरांना बैलच. पण बैल ठेवणारी घरं दर वर्षी कमी होत आहेत, म्हणजे वरची खाचरं पडीक पडायला सुरुवात तिथूनच होते.

रोपं उपटून मुठी बांधायच्या, मुठी चिखलात फेकायच्या, मग वाकून उलटं चालत लावत जायचं. हे काम बायांचं. पाच-सहा घरच्या बाया सावडीनं एकमेकींच्या रानात जातात. प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर बांधलेला. इरलं आता एका आजीच्या घरात आढ्याला टांगलेलं दिसलं, वापरात नाही. मी त्यांच्या ओळीत उतरलो. रोप दोन बोटांत धरून अंगठ्यानं उथळ टेकवायचं. खोल गेलं तर फुटवा येत नाही, वर राहिलं तर तरंगतं. माझी ओळ त्यांनी मागून न बोलता नीट केली. दुपारपर्यंत कंबर सरळ होईना. या बाया तीन-चार आठवडे रोज आठ-दहा तास हे करतात. पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री चुलीशी बसून त्यांवर तेल लावतात आणि सकाळी त्याच पायांनी पुन्हा चिखलात.

गाणी म्हणतात का, असं मी विचारलं. म्हणायच्या पूर्वी, आता थोरल्या दोघी-तिघींनाच येतात, असं उत्तर आलं. दुपारी बांधावर भाकरी आली. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, लसणीची चटणी. पावसाचं पाणी ताटात पडत होतं आणि कुणी त्याची दखल घेत नव्हतं.

इथे लावलेलं भात बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार होऊन १९८७ साली आलेलं हे वाण सगळ्या मावळपट्ट्यानं उचललं. आंबेमोहराचा वास थोडा ठेवला आणि उत्पन्न वाढवलं, म्हणून. जुना आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यात लोळतो, कमी येतो. तरी भाऊंनी एक लहानसं खाचर आंबेमोहरासाठी राखलेलं आहे. विकायला नाही, घरच्या सणाला आणि बाळंतिणीच्या पेजेला.

पाणी खाली सोडण्याची रीत

पायऱ्यांच्या शेतीतली खरी विद्या पाण्याची आहे आणि ती मला संध्याकाळी, भाऊंबरोबर फावडं घेऊन बांधांवर फिरताना कळली. सगळ्यांत वरच्या खाचरात ओढ्याचं पाणी घेतात. त्या खाचराच्या बांधाला एका बाजूला तोंड ठेवलेलं असतं, दगड लावून पक्कं केलेलं. ठरावीक उंचीच्या वर पाणी गेलं की ते त्या तोंडातून खालच्या खाचरात पडतं. खालच्याचं तोंड विरुद्ध टोकाला. म्हणजे पाणी प्रत्येक खाचरातून आडवं फिरून मगच उतरतं. त्याचा जोर मोडतो, त्यातली माती खाली बसते. डोंगरावरून लाल होऊन आलेलं पाणी शेवटच्या खाचरातून बाहेर पडताना बरंचसं निवळलेलं असतं.

मी ओंजळीत घेऊन वरचं आणि खालचं पाणी ताडून पाहिलं. जी माती इथे बसली ती धरणात गेली नाही. गाळानं धरणांची पोटं भरत चालली आहेत, अशी ओरड आपण सगळीकडे ऐकतो. त्या गाळाला पहिला अडसर भाऊंसारख्या माणसाचा बांध आहे आणि त्याबद्दल त्याला आजवर कुणी एक पैसा दिलेला नाही.

बांधाचा मोठा शत्रू खेकडा. तो बीळ करतो, त्या बिळातून पाणी वाहू लागतं आणि एका रात्रीत बोटाएवढ्या भोकाचं भगदाड होतं. म्हणून पावसाळाभर रोज बांधांवर फेरी. बीळ दिसलं की चिखल कोंबून टाचेनं दाबायचं. रात्री पोरं बॅटऱ्या घेऊन खेकडे धरायला निघतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा झणझणीत रस्सा होतो.

खताची गोष्ट वेगळीच. एका खाचरात टाकलेला युरिया पाण्याबरोबर खालच्या खाचरात जातो. वरचा भाऊ खत घालतो, खालच्या भावाचं भात हिरवंगार होतं, आणि यावरून भांडणं होतात. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीला इथे म्हणूनच अर्थ आहे. पेंढा आणि तुसाची राख परत जमिनीत घालायची, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात गाडायचा, रोपं दोरीवर ठरावीक अंतरानं लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मधोमध खोल खोचायच्या. खोचलेली गोळी वाहून जात नाही. भाऊंच्या बांधावर गिरिपुष्प उभं होतं. गोळ्या मात्र वेळेवर मिळाल्या तर, असं त्यांनी सांगितलं.

शिडीवरून चढलेला ट्रॅक्टर

भोर तालुक्यात या वाडीहूनही वर शेती करणारी माणसं आहेत. रायरेश्वराचं पठार समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास. कोर्ल्याकडून गेलं की शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा. शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं मानतात ते रायरेश्वराचं देऊळ तिथे आहे आणि देवाची पूजाअर्चा सांभाळणारी जंगम घरं पिढ्यान्‌पिढ्या त्या पठारावर राहतात. भात, नाचणी, गहू पिकवतात. मीठ, तेल, खत, पत्रा, आजारी माणूस, सगळं त्या शिडीवरूनच चढतं-उतरतं. काही वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी लहान ट्रॅक्टर विकत घेतला, पायथ्याला सुटा केला, इंजिन आणि चाकं वेगवेगळी करून खांद्यांवरून शिडी चढवली आणि वर पुन्हा जोडला. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली आणि लोकांनी कौतुक केलं. त्या बातमीमागे बैल परवडेनासे होणं आणि माणसं कमी होणं होतं. रान पडीक टाकायचं नाही, या एका हट्टापायी त्यांनी ते केलं, आणि मला ते कोणत्याही शपथेइतकंच मोठं वाटतं.

पोरं खाली, खाचरं वर

फिलिपिन्समधल्या इफुगाओ लोकांची खाचरं १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. सहाच वर्षांनी, २००१ साली, त्यांची नोंद धोक्यात आलेल्या वारशांत करावी लागली. तरुण शहरात गेले, ताली ढासळल्या, पाट बुजले. सरकार आणि गावं यांनी मिळून डागडुजी केल्यावर २०१२ साली ती त्या यादीतून बाहेर आली. जगाचं लक्ष असूनही ही गत झाली. हिरडस मावळाकडे तर जगाचं लक्षही नाही.

वाडीतल्या तरुणांपैकी बहुतेक शिरवळच्या कारखान्यांत किंवा पुण्यात आहेत. लावणीला सुट्टी काढून येतात. गणपतीला येतात. कापणीला जमलं तर. धाकटा मुलगा मी असतानाच दोन दिवस आला होता. तो म्हणाला, "काका, घरच्या तांदळाला पोरं नाही म्हणत नाहीत. पण ह्या तांदळावर फ्लॅटचा हप्ता जात नाही." खोटं काहीच नाही त्यात. दीड-दोन एकर, तीही चाळीस तुकड्यांत. वर्षाचं खायचं निघतं, चार पोती विकली जातात. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत या खोऱ्यातल्या कितीतरी ताली वाहून गेल्या. वरंध्याच्या पलीकडे तळियेवर दरड कोसळली ती त्याच पावसात. वाहून गेलेली ताल पुन्हा रचायला दहा माणसं लागतात आणि वाडीत आता तेवढे कामाचे हात एका वेळी गोळा होत नाहीत. सरकारी पंचनाम्यात पीक मोजतात. पिढ्यांनी रचलेली भिंत कोणत्या रकान्यात धरायची, ते पक्कं ठरलेलं नाही. एक ताल पडली की तिच्या वरचं खाचर खाली सरकतं आणि खालच्यावर दगडमातीचा ढीग येतो. तीन खाचरं एकदम जातात.

मार्चनंतर

मे महिन्यात मी याच वाडीत गेलो होतो तेव्हा विहिरीच्या तळाशी हंडाभर पाणी होतं. नळ घरापर्यंत पोचले आहेत, पण ज्या विहिरीतून ते भरायचे तीच आटते. काळ्या कातळावर मातीचा पातळ थर, तीव्र उतार. चार महिने कोसळलेला पाऊस थांबत नाही, खाली धरणात जातो. जलाशयाच्या काठावरच्या काही गावांनी मोटारी बसवल्या आहेत. पण वरच्या वाड्यांपर्यंत पाणी चढवायला लागणारी वीज, पाइप आणि परवानगी त्यांच्या आवाक्यात नाही. भोर तालुक्यातल्या धरणांच्या वरच्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो, ही दर वर्षीची बातमी आहे. आजी आणि थोरली नात पहाटे चारला हंडे घेऊन उतरतात. समोर दरीत पाणी चमकत असतं. ते सोडलं जातं तेव्हा आमच्या चाऱ्यांना येतं.

धरणासाठी जमीन यांनी दिली. उरलेल्या उतारावर बांध घालून माती यांनी धरली. त्या पाण्यावर ऊस आमचा झाला, साखर कारखाने आमच्या तालुक्यात उभे राहिले. नीरा-देवघरच्या कालव्याचं पाणी माळशिरसला कधी मिळणार, यावर आमच्याकडे निवडणुका लढवल्या जातात आणि ती मागणी योग्यही आहे. पण त्या सभांमध्ये धरणाच्या वरच्या गावांचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

म्हणून आमच्या भागातल्या पाणीवापर संस्थांना, साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि पाणीप्रश्नावर मोर्चे काढणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. कालवा सल्लागार समितीत आवर्तनाची मागणी मांडताना तिच्याबरोबर आणखी एक मागणी मांडा. मार्च ते मे या काळात धरणांच्या वरच्या वाड्यांना पिण्याचं पाणी उचलून देण्याची योजना पक्की करावी आणि तिचं वीजबिल लाभक्षेत्रानं भरावं. अठ्ठेचाळीस टीएमसीत हे पाणी हिशोबालाही लागणार नाही. दुसरं, ढासळलेल्या ताली पुन्हा रचण्याचं काम रोजगार हमीतून, पडकईच्या रीतीनं, हातानं व्हावं म्हणून भोरच्या ग्रामसभा करतील त्या ठरावांना आपल्या ग्रामपंचायतींनीही पाठिंब्याचे ठराव द्यावेत. आणि वाचकांना एवढंच सांगायचं आहे की मावळातली कापणी दिवाळीच्या सुमारास होते, झोडणी होऊन तांदूळ मार्गशीर्षात गिरणीवर येतो. वर्षाचा तांदूळ भरणार असाल तर या वर्षी तो त्यांच्याकडून थेट घ्या आणि ते सांगतील तो भाव द्या.